फ्रेम उलटी करून बघ, मग उमेदवारी धर

प्रश्न : मी मालवण तालुक्यातल्या एका गावात राहते. वय २२, बी.ए. झालंय. चित्रं काढण्याची आवड आहे, हातही बरा चालतो. कुडाळच्या बाजारात फोटो फ्रेमचं एक जुनं दुकान आहे. तिथले काका साठी उलटलेले, मुलं मुंबईला. ते मला शिकवायला तयार आहेत. पण म्हणतात, "दोन वर्षं राहावं लागेल. पहिलं वर्ष पगार नाही, झाडलोट आणि काच पुसणं." आई म्हणते, "इतक्या शिकान आता काचो कापतलंस काय?" बाबांचं म्हणणं, फोटो आता मोबाइलमध्येच राहतात, या धंद्यात काय उरलंय? मैत्रीण म्हणते, यूट्यूबवर सगळं फुकट शिकता येतं. मी काय करू?

उत्तर :

हे काम जरूर शिक. दुकानात उभी राहूनच शिक. पण पहिलं अख्खं वर्ष बिनपगारी राहायला तयार होऊ नकोस. रत्नागिरीत याच धंद्यात माझं आयुष्य गेलंय, म्हणून तुला ठामपणे सांगते.

आधी बाबांच्या शंकेबद्दल. त्यांचं अर्धं खरं आहे. स्टुडिओतून येणारं ठरावीक मापाचं काम कमी झालंय, आणि आठ बाय बाराची तयार फ्रेम आता ऑनलाइन इतकी स्वस्त मिळते की त्या भावात दुकानदाराला चौकटीची पट्टीसुद्धा परवडत नाही. त्या शर्यतीत तू उतरूच नकोस. पण कोकणातल्या फ्रेमवाल्याकडे काय काय येतं ते एकदा त्या काकांच्या दुकानात बसून बघ. गणपतीला चाकरमानी येतात आणि माळ्यावरच्या पेटीतून आजोबांचा कुरतडलेला फोटो घेऊन दुकानात उभे राहतात. घरात कोणी गेलं की दहाव्या-बाराव्याला फोटो लागतो, आणि ते काम एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. तारकर्लीकडच्या होमस्टेवाल्यांना खोल्यांसाठी चित्रं लावून हवी असतात. कुणाला आजीच्या नऊवारीचा तुकडा जपायचा असतो, कुणाला मुलाची पदकं. हे सगळं वेड्यावाकड्या मापाचं आणि एकच प्रत असलेलं काम. ते ऑनलाइन होत नाही.

आणि तुझ्या कुडाळच्या दारातच पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा तुला माहीत असेलच. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. ही चित्रं मुळात भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतीच. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवून त्यांची पोथी बांधायची आणि एकेक पान समोर धरून गोष्ट सांगायची, अशी ती रीत. आता लोक ती विकत घेऊन भिंतीवर लावतात. असा कागद फेविकॉल फासून हार्डबोर्डवर चिकटवला की चित्राचं आयुष्य तिथेच संपतं. तो नीट बसवणारं माणूस तुमच्या भागात हवं, आणि ते तू होऊ शकतेस.

आता मुख्य गोष्टीकडे येते. लोकांना वाटतं, फ्रेम म्हणजे चित्राभोवतीची शोभेची चौकट. आपल्या किनाऱ्यावर ते खरं नाही. इथे फ्रेमचं पहिलं काम कागदाला दमटपणापासून वाचवणं. जून ते सप्टेंबर चिऱ्याच्या भिंती घाम सोडतात. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कागदावर बुरशी धरते. मग कसर येते, वाळवी येते. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी चुका, म्हणजे बारीक खिळे, गंजतात आणि एका रात्री तसबीर खाली येते.

यातलं एकच उदाहरण नीट बघ, कारण ते तुझ्याकडे शंभरदा येणार आहे. जुना फोटो काचेला चिकटलेला. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो मऊ पडतो, आणि काच थेट टेकलेली असेल तर तिला धरून बसतो. गिऱ्हाईक म्हणतं, "जरा सोडवून द्या ना." ओढलास की चेहऱ्याचा थर काचेवर राहतो आणि हातात नुसता पांढरा कागद येतो. म्हणून वाळून चिकटलेला फोटो ओढायचा नाही. काचेसकट त्याची नीट स्कॅन किंवा छायाचित्र प्रत काढून घ्यायची आणि मूळ तसाच जपून ठेवायचा. २०२१च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तसं कुठे झालं आणि स्टुडिओतला जुना फोटो अजून ओला असेल, तर गोष्ट वेगळी. वाळायच्या आत फ्रेम उघडायची, काच आणि फोटो एकत्र धरून स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेखाली अलगद सोडवायचे, आणि फोटो चेहरा वर करून सावलीत वाळवायचा. इंकजेटवर छापलेला असेल तर मात्र पाणी लावायचंच नाही, शाई पसरते. आणि नवी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, घालून फट ठेवली, तर ही वेळच येत नाही. माउंट सुंदर दिसतो, ते आहेच. पण त्याचं खरं काम ही फट राखण्याचं आहे.

यावरून तुला त्या काकांची परीक्षा घेता येईल. दुकानात गेलीस की भिंतीवरच्या चकचकीत पट्ट्या बघत बसू नकोस. तयार झालेली एखादी फ्रेम उलटी कर आणि पाठ बघ. मागचा बोर्ड कडेने कागदी टेपने बंद केलाय का? चुका सरळ रांगेत आहेत का, की जिथे जागा मिळाली तिथे ठोकल्यात? हूक आणि स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे आहेत, की लोखंडाचे? खालच्या दोन कोपऱ्यांवर रबराचे किंवा बुचाचे तुकडे आहेत का? ते असले की फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि मागून हवा खेळते. मग विचार, "काका, चित्र माउंटला कसं धरलंय?" ते म्हणाले, वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ कागदाच्या बिजागऱ्या, बाकी मोकळं, तर डोळे मिटून त्यांच्याकडे राहा. कागद पावसाळ्यात पसरतो आणि उन्हाळ्यात आखडतो. त्याला हलायला जागा हवी. चारी बाजूंनी चिकटवला तर त्यावर लाटा येतात. बिजागरीला गव्हाच्या पिठातलं स्टार्च शिजवून केलेली खळ वापरतात, कारण ती पुढे कधी पाण्याने सोडवता येते. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते मोलाच्या चित्राला लावू नये. त्यातलं तांबं कागद कुजवतं.

आणखी एक बघ, आणि याला मी सगळ्यात जास्त मान देते. फोटो फ्रेमपेक्षा थोडा मोठा निघाला तर ते काय करतात? कात्री घेऊन फोटोची कड उडवतात, की फ्रेमचं माप बदलतात? जुन्या फोटोच्या कडेला स्टुडिओचा शिक्का असतो, कधी तारीख असते, कधी मागे पेन्सिलीने नाव लिहिलेलं असतं. एकदा कातरलं की ते परत येत नाही. फोटो कातरणाऱ्या माणसाकडे शिकू नकोस, हात कितीही सफाईदार असो.

ही पाठ चांगली निघाली नाही तर? तर त्यांच्याकडून काच आणि पट्टी कापायला शिकून घे आणि पाठीचं काम दुसरीकडे शिक. साठी उलटलेले बरेच कारागीर काप फार सुरेख घेतात, पण माउंट आणि बिजागरी त्यांना कुणी शिकवलेलीच नसते. त्यात त्यांचा दोष नाही. देवांच्या तसबिरी बसवत हा धंदा वाढला. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला, आणि त्यानंतर लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. त्या छापील चित्रांना काच आणि पट्टी एवढं पुरत होतं. चित्र खराब झालं की दुसरं आणायचं. हाताने काढलेल्या चित्राला आणि एकुलत्या एक फोटोला तो हिशेब लागू पडत नाही.

यूट्यूबचं म्हणशील तर ते रात्री घरी बघ, वाईट नाही. माउंटचा तिरका काप, कपडा न चिकटवता टाके घालून बसवणं, खोल पेटीसारखी फ्रेम हे तिथे चांगलं समजतं. पण काच तिथे शिकता येत नाही. काच कापताना आधी कान तयार व्हावा लागतो. फ्रेमला साधारण दोन मिलिमीटरची काच लागते. ती सपाट टेबलावर, खाली जाड कापड घालून ठेवायची. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, कटर उभा धरायचा आणि मोजपट्टीला लावून एकाच दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा. दाब बरोबर असेल तर एकसारखा बारीक चर्र आवाज येतो आणि काचेवर केसासारखी रेघ उमटते, जेमतेम दिसते. रेघ पांढरी, भुकटी सांडणारी आली, तर दाब जास्त झाला. आणि मधेच आवाज तुटला तर काचही तिथेच भलतीकडे फुटणार. रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवायचा नाही. त्याने काप सुधारत नाही, चाकाची धार जाते आणि काच वाकडी फुटते. रेघ मारली की लगेच टेबलाच्या कडेवर आणून खाली दाबायची. हे तुझ्या शेजारी उभं राहून, आवाज ऐकून कुणीतरी म्हणायला हवं, "दाब कमी कर." सुरुवातीला फुटक्या काचांवरच सराव कर. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेव. चपलेवर नाही, बंद बुटात काम कर. डोळ्यांना चष्मा आणि काप न लागणारे हातमोजे स्वतःचे घे. दुकानात ते असतील यावर विसंबू नकोस.

लाकडाचं काम दिसतं सोपं. पंचेचाळीसचा काप घ्यायचा, चार कोपरे जोडायचे. पण एका चौकटीत काप आठ असतात. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने चुकला की चार अंशांची चूक शेवटच्या कोपऱ्यात येऊन साठते. म्हणून चौथा कोपरा बघायचा. तीन कोपरे बंद झाले आणि चौथा उघडा राहिला, तर एक तर कोन चुकलाय, नाहीतर समोरासमोरच्या पट्ट्यांच्या लांबीत फरक आहे. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, लाव, मग दोन्ही कर्ण मोजून बघ. ते सारखे आले पाहिजेत. फटीत लांबी (पुट्टी) भरून, वर रंग लावून ती झाकायला शिकवणारे भेटतील. ते शेवटी शीक. आधी फट येऊच नये असा काप शीक.

माप घ्यायला आणि भाव काढायला पहिल्या महिन्यातच शिकून घे. मेस्त्री लोक इंचाचे आठ सूत धरतात, ती भाषा अंगवळणी पाड. समजा चित्र बारा बाय अठरा इंच, चारी बाजूंनी दोन इंच माउंट. झालं सोळा बाय बावीस. चारी बाजू मिळून ७६ इंच. पट्टी एक इंच रुंद असेल तर कोपऱ्यांसाठी तिच्या रुंदीच्या आठपट, म्हणजे ८ इंच वाढवायचे. झाले ८४ इंच, सात फूट पट्टी. काच अडीच चौरस फुटांच्या जरा आत. वर कापातली नासाडी धर. काच खाचेत घट्ट बसवायची नाही, प्रत्येक बाजूला अर्धा सूत मोकळं ठेव, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगलं की काच तडकते. पट्टी साधारण साडेनऊ-दहा फुटी येते. उरलेल्या अडीच-तीन फुटांत एखादी छोटी फ्रेम निघते का, हे कापायच्या आधी बघायचं. दुकानाचा नफा बराचसा त्या तुकड्यांत असतो. हल्ली फायबर, म्हणजे प्लॅस्टिकची, पट्टीच जास्त चालते. तिला वाळवी लागत नाही, फुगत नाही, आपल्याकडे ती वाईट नाही. फक्त पांढऱ्या फेविकॉलने तिचे कोपरे धरत नाहीत, तिला वेगळा गोंद आणि मागून व्ही पिन लागते.

आता पगार. झाडलोट आणि काच पुसणं यात अपमान काही नाही. काच पुसता पुसता तिच्यातला बुडबुडा, ओरखडा आणि कडेचा टवका दिसायला लागतो, ते शिक्षणच आहे. पण त्याला एक महिना पुरे. वर्ष नाही. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे, त्यात लेखी करार आणि विद्यावेतन आहे. पण चारपेक्षा कमी माणसं असलेली दुकानं त्यात बसत नाहीत, म्हणजे तुझ्या काकांचं दुकान बहुतेक नाहीच बसणार. म्हणून तुमचं तुम्हीच एका कागदावर लिहा. काकांना राग येईल असं नको वाटून घेऊ. "मला नीट शिकायचंय, म्हणून आपण लिहून ठेवू" असं म्हण. एसटीचं भाडं, जेवण आणि वर थोडी का होईना रक्कम पहिल्या दिवसापासून. तू जोडलेली चौकट गिऱ्हाइकाला जाऊ लागली की ठरलेला पगार. काच कधी हातात देणार, पट्टी कधी, माउंट कधी, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि भाव सांगणं कधी, हे महिन्यासकट लिहा. शिकताना फुटलेल्या काचेचे पैसे कोणाचे, तेही लिहा. भांडणं तिथेच होतात. माझ्या मते या कामाला सहा महिने शिकण्याचे आणि एक वर्ष हात बसण्याचं लागतं. दीड वर्षावर मान्य करू नकोस.

काकांच्या मनात एक भीती नक्की असेल, आज शिकवली की उद्या समोर दुकान टाकेल. ती तूच आधी बोलून टाक. "मी कुडाळात दुकान टाकणार नाही, मालवणात टाकेन, आणि तुमच्याकडे जास्त झालेलं काम मला द्या." मुलं मुंबईला आहेत म्हणतेस, तर त्यांच्याही डोक्यात पुढचा विचार चालू असेल. कदाचित ते दुकानच तुझ्याकडे येईल. पण ते गृहीत धरून आज फुकट राबू नकोस.

आईला एकदा दुकानात घेऊन जा. तिच्या बोलण्यात शिक्षण वाया जाण्याचं दुःख आहे, आणि मुलगी दिवसभर परक्या दुकानात असणार याची काळजीही आहे. ती काळजी रास्त आहे. दुकान बाजारपेठेत आहे का, काकांच्या घरचं कोणी येतं-जातं का, बाथरूमची सोय काय, शेवटची एसटी किती वाजता, हे तिच्यासमोरच विचारून घे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात काम रात्रीपर्यंत चालतं. त्या दिवसांत परतायची व्यवस्था काय, हेही आत्ताच ठरव. बी.ए. वाया जात नाही. जुन्या फोटोमागचं लिहिलेलं वाचणारी, गिऱ्हाइकाला कारण समजावून सांगणारी, बिल आणि माप स्वच्छ लिहून ठेवणारी कारागीर या धंद्याला हवीच आहे.

पुढे स्वतःचं करायचं झालं तर थोडक्यात सांगते. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतार आहे, फ्रेमकाम वेगळं नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबून बेत आखू नकोस. मुद्रा योजनेत शिशु गटाखाली ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं, बँकेत चौकशी कर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस. कर्ज काढून पायाने दाबायचं कापणीचं मशीन आणि पिनचं मशीन आधी घेतात, ती घाई करू नकोस. चांगला काच कटर, माउंट कटर, कोनाची करवत, गुण्या आणि कोपरे धरायच्या पकडी एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. मोठ्या पट्ट्यांचे काप काकांच्या मशीनवर पैसे देऊन काढून आण. माउंट बोर्ड आम्लविरहित घे, महाग पडतो पण चित्राभोवती पिवळी कड येत नाही. आणि पावसाळ्यात तो उघड्यावर ठेवू नकोस. बंद कपाटात, आत विजेचा एक छोटा दिवा चालू ठेवून ठेव. मोलाच्या चित्रांच्या फ्रेम शक्यतो कोरड्या दिवसांतच बंद कर, कारण ओली हवा आत कोंडली तर काचेमागे तीच राहते. गिऱ्हाइकाला तसं सांग. घाई नसलेलं काम दिवाळीनंतरचं घेते म्हणालीस, तर बहुतेक लोक ऐकतात.